शब्दाची अडत

"घरबसल्या कमवा. आपल्या जीवनशैलीला साजेसा धंदा निवडा." गेल्या वर्षी पावसाळ्यात हे वाक्य माझ्या मोबाइलवर दिवसातून चार-पाच वेळा उगवत असे. तुमच्याही मोबाइलवर उगवत असेल. आपल्या वर्गातील निदान दहा-बारा जण तरी आज या धंद्यात कमीअधिक प्रमाणात आहेत. मीही त्यांतलाच एक होतो. खरे म्हणजे अजूनही थोडासा आहे. तेव्हा हा लेख काठावर उभे राहून पोहणाऱ्याला उपदेश करणाऱ्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही अशा आपल्या गुरुजनांसाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे भाग आहे. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांकडे आपण नाव नोंदवायचे. ते दुकान प्रत्येक वस्तूसाठी आपली खूण असलेली एक लिंक देते. ती लिंक आपण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबच्या चित्रफितीखाली टाकायची. तिच्यावरून जाऊन कोणी खरेदी केली, की विक्रीच्या रकमेतील शेकडा काही भाग आपल्या खात्यावर जमा होतो. दुकान नको, भांडवल नको, माल ठेवायला जागा नको. या प्रकाराला अफिलिएट मार्केटिंग असे भारदस्त नाव आहे. ॲमेझॉन कंपनीने अमेरिकेत ही योजना १९९६ साली सुरू केली. भारतात त्या कंपनीचे दुकान २०१३ साली उघडले आणि बघता बघता ही लिंक आमच्या खेड्यापर्यंत येऊन पोहोचली.

नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरे, आणि मध्ये शब्द टाकणाऱ्याला शेकडा काही. याला आपल्या कोल्हापुरात अडत म्हणतात, दलाली म्हणतात, कमिशन म्हणतात. माझे वडील शाहू मार्केट यार्डात हमाल आहेत. माझा आजाही तेथेच हमाल होता. गुळाच्या रव्यांखाली ज्यांच्या पाठी वाकल्या अशा घरातील कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला मुलगा. त्यामुळे 'जीवनशैली' हा शब्द मी येथे येईपर्यंत फारसा ऐकला नव्हता. आमच्या घरात हंगाम होता आणि बिगरहंगाम होता. हंगाम लागला की अण्णा पहाटे घर सोडत. हंगाम सरला की मिळेल ते काम करत. आपल्याला साजेसे काम निवडायचे असते ही कल्पनाच आमच्या घरात नवी होती. काम माणसाला निवडत असे.

म्हणूनच असेल, ते वाक्य मला फार आवडले. निवड करण्याची संधी आपल्यालाही आहे, ही भावनाच मोठी सुखाची होती. एका मित्राने नोंदणी करून दिली. घरचा, भावकीचा, जुन्या शाळेचा, तालमीचा अशा सात ग्रुपांवर मी लिंक टाकू लागलो. इअरफोन, बॅटरी, पावसाळी जाकीट, डबा, जे स्वस्त दिसेल ते. पहिल्या महिन्यात ३१२ रुपये मिळाले. आज हा आकडा लिहिताना हसू येते; परंतु त्या दिवशी मी ते घरी चार वेळा सांगितले होते.

मग दिवाळीच्या तोंडावर गडहिंग्लजच्या माझ्या आत्याने माझ्या लिंकवरून एक मिक्सर घेतला. किंमत १,८२० रुपये. मला ९१ रुपये मिळाले. तो मिक्सर मी कधी पाहिला नव्हता, त्या कंपनीचे नावही मी पूर्वी ऐकले नव्हते. लिंकसोबत मात्र मी लिहिले होते, "एकदम मस्त, डोळे झाकून घ्या." सातव्या आठवड्यात मिक्सरची मोटर जळाली. परत करण्याची मुदत केव्हाच संपली होती. ग्राहकसेवेच्या क्रमांकावर फोन लागे, गाणे वाजे आणि बंद होई.

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "मला मिक्सरातलं काय कळतंय? तू म्हणालास म्हणून घेतला."

मी ही गोष्ट घरी हसत हसत सांगितली. अण्णा जेवत होते. त्यांनी विचारले, "अडत कुणी घेतली?" मी म्हटले, "मी घेतली. पण माल कंपनीचा आहे, मी फक्त लिंक टाकली." त्यावर ते म्हणाले, "अडत्या तरी कुठं माल पिकवतो? त्यो बी नुसता शब्दच देतो. त्या शब्दाचंच पैसं असत्यात. अडत घेतलीस न्हवं? मग खोट बी तुझीच."

या दोन-तीन वाक्यांनी मला जे शिकवले ते त्या सगळ्या चित्रफितींनी शिकवले नव्हते. मी मिक्सर कोल्हापुरात आणला, ४८० रुपये देऊन मोटर भरून घेतली आणि आत्याला नेऊन दिला. ९१ रुपयांच्या धंद्यात ३८९ रुपये पदरचे गेले. पण तेव्हापासून कमिशनचा कोणता प्रकार आपल्याला साजेसा, या प्रश्नाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. तीच दृष्टी येथे मांडायची आहे.

अण्णांचे म्हणणे समजण्यासाठी गुळाचा सौदा एकदा जाऊन पाहावा. शेतकरी गुऱ्हाळावरून रवे आणतो आणि अडत्याच्या दुकानात उतरवतो. हमाल थप्पी लावतात. सौदा निघतो, व्यापारी माल पाहून दर बोलतात, तोलाई होते आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. अडत्याने ऊस लावला नाही, काहिलीपुढे तो भाजला नाही, रवा पाठीवर घेतला नाही. मग त्याला पैसे कशाचे मिळतात? व्यापाऱ्याला तो सांगतो की या शेतकऱ्याचा गूळ मी ओळखतो. शेतकऱ्याला तो सांगतो की व्यापाऱ्याकडून पैसे आले नाहीत तर मी बसलो आहे. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तो स्वतःची पत अंथरतो. अडत ही त्या पतीची मजुरी आहे. म्हणून सौदा फसला तर पहिला डाग त्याच्या पेढीला लागतो आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्याची गाडी शेजारच्या पेढीपुढे उभी राहते.

सगळे अडत्ये असे असतात, असा माझा मुळीच दावा नाही. तसे असते तर कायद्याची गरजच पडली नसती. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार येथे फोफावला. त्या काळात देशभरातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे धरून दर ठरत. काय ठरले ते मालाच्या मालकालाही दिसत नसे. पुढे महाराष्ट्राने १९६३ साली शेती उत्पन्न बाजाराचा कायदा केला. उघड लिलाव आणि परवाना घेतलेला अडत्या ही त्या कायद्याच्या व्यवस्थेची मुख्य अंगे. २०१६ साली फळे व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय झाला आणि त्यावरून राज्यभर बाजार बंद पडण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे अडत कोणी घ्यावी, किती घ्यावी, कोणाकडून घ्यावी आणि ती उघड असावी की झाकलेली, या प्रश्नांवर आपल्या बापजाद्यांनी शंभर वर्षे भांडण केले आहे. आपण मात्र मोबाइलवर तीच अडत घेताना यांपैकी एकही प्रश्न विचारत नाही. "गिऱ्हाइकाला एक पैसाही जास्त पडत नाही," असे आपण सांगतो. पण दुकान आपल्याला देते ते कमिशन कोठून येते? ते शेवटी मालाच्या किमतीतूनच येते. रुमाल तेवढा बदलला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. कमिशनचा धंदा करायचाच असेल, तर विद्यार्थ्याने कोणता प्रकार निवडावा? माझ्या पाहण्यात चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार नुसता वाट दाखवणाऱ्याचा. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या पाहुण्याला चपलेच्या दुकानापर्यंत नेऊन सोडणारा माणूस दुकानदाराकडून काही घेतो, हे आपण सगळे जाणतो. त्याला चामड्यातले कळावे लागत नाही आणि पाहुणा पुन्हा भेटण्याचा संभवही नसतो. मोबाइलवर दिवसभर स्वस्त मालाच्या लिंका टाकणारे ग्रुप याच जातीचे. हा प्रकार सोपा वाटतो, पण विद्यार्थ्याच्या दिनक्रमाला तो सर्वांत वाईट आहे. सवलती रात्री बाराला उघडतात, तासाभरात संपतात. ॲमेझॉनसारख्या दुकानात लिंक दाबल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तरच सामान्यतः कमिशन मिळते. म्हणून सतत नवी लिंक आणि सतत नवी गर्दी लागते. मी या प्रकारात होतो तेव्हा तासाला बसूनही माझे लक्ष फळ्याकडे नसे. धंदा माझ्या जीवनशैलीला साजेसा व्हायचा राहिला बाजूला, माझे जगणेच धंद्याला साजेसे होऊ लागले होते.

दुसरा प्रकार विषय जाणणाऱ्याचा. एखाद्याला स्पर्धापरीक्षेची पुस्तके ठाऊक आहेत, एखादीला शिवणकामातले कळते, एखाद्याच्या घरी ठिबक आणि फवारणी पंप रोजच्या वापरात आहेत. असा माणूस त्या विषयावर नेमाने बोलतो वा लिहितो, चांगले-वाईट दोन्ही सांगतो आणि जाता जाता वस्तूची लिंक देतो. लोक मालासाठी येत नाहीत, त्याच्या माहितीसाठी येतात. हा प्रकार प्रतिष्ठेचा आहे, पण फळ देण्यास वेळ घेतो. पुढच्या महिन्यात परीक्षेचा अर्ज भरायचा आहे आणि त्याचे पैसे यातून काढायचे आहेत, असा हिशेब मांडणाऱ्याची निराशा होईल. शिवाय कमिशनचे दर दुकानाच्या हातात असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत अनेक प्रकारच्या वस्तूंवरील दर एकाएकी खाली आणले आणि वर्षानुवर्षे त्यावर पोट भरणारी माणसे रातोरात अडचणीत आली. म्हणून कमिशन मिळाले नाही तरी ज्या विषयात आपण रमलो असतो, त्याच विषयात या मार्गाने जावे.

तिसरा प्रकार वापरलेले तेवढेच सांगणाऱ्याचा. मी हा कंदील दोन पावसाळे वापरला, मी हा शब्दकोश दोन वर्षे उघडतो आहे, त्यात हे बरे आणि हे वाईट. अशी शिफारस वर्षातून पाच-सहाच करता येते, कारण आपल्यासारख्यांच्या घरात वर्षाला नव्या वस्तू येतात तरी किती? कमाई थोडी, पण अभ्यासाचा वेळ जात नाही आणि आत्याकडे जेवायला जाताना मान खाली घालावी लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना, विशेषतः एसटीने ये-जा करणाऱ्यांना आणि घरात एकच मोबाइल असलेल्या मुलींना, हाच प्रकार झेपणारा आहे असे मला वाटते.

चौथ्या प्रकाराला मोबाइल लागतच नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. तो म्हणजे गाठीभेटीचा प्रकार. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले आणि त्याचे एजंट गावोगावी पोहोचले. पहिल्या वर्षी कमिशन मिळते, पण हप्ता चालू राहिला तर पुढेही थोडेथोडे मिळत राहते. म्हणजे गिऱ्हाईक टिकवण्यातच एजंटाचे हित असते. दहावी झालेल्या आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या माणसाला परीक्षा देऊन हे काम करता येते. पोस्टाच्या आवर्ती ठेवी गोळा करण्यासाठी सरकारने १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना काढली. तीत काम करणाऱ्या स्त्रीला शेकडा ४ रुपये मिळतात. आमच्या गल्लीतील एक काकू हे काम कित्येक वर्षे करत आहेत. महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत त्या दारोदार जातात, पुस्तकावर नोंद करून देतात. कोणाच्या घरी दुखणे आहे, कोणाचा हप्ता यंदा चुकणार, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळते. पिग्मी गोळा करणारेही याच पंथाचे. ती योजना सिंडिकेट बँकेने १९२८ साली उडुपीकडे सुरू केली आणि आज आपल्याकडील पतसंस्थांचा तो कणा आहे. ही माणसे रोज किंवा दरमहा त्याच दाराशी परत जातात. खोटे बोलून त्या दारी दुसऱ्यांदा जाता येत नाही.

येथे मला माझी कसोटी सापडली. किती तास लागतात, किती टक्के मिळतात, घरी बसून होते की हिंडावे लागते, हे सगळे प्रश्न रास्त आहेत. ते विचारलेच पाहिजेत. पण त्यांच्या आधी एक प्रश्न आहे. ज्याने माझ्या शब्दावर वस्तू घेतली, त्याच्या दाराशी मी उद्या जाऊ शकेन का? जाऊ शकत असेन तर तो धंदा मला साजेसा. जाऊ शकत नसेन, तर तो कितीही सोयीचा असो, मला साजेसा नाही.

या कसोटीवर एक पाचवा प्रकार तत्काळ बाद होतो. आधी अमुक रकमेचा माल घ्या, मग दोघांना जोडा, ते आणखी दोघांना जोडतील, असे सांगणारी साखळी. कॉलेजच्या कट्ट्यावर तिची निमंत्रणे फिरत असतात आणि तीही 'कमिशन' हाच शब्द वापरते. पण तेथे मालाचे नाव पुढे करून माणसेच विकली जातात. साखळीचे शेवटचे कडे नेहमी कोणाच्या तरी आईच्या बचतीचे असते. अशा पैसा फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धतीची साखळी निषिद्ध ठरवली आहे. मित्राने मित्राला त्यात ओढावे यासारखे दुःख नाही. कारण बुडालेल्या पैशाबरोबर मैत्रीही जाते.

दुसरी एक गोष्ट कायद्याने सांगितली आहे, पण आपल्यापैकी फारच थोडे पाळतात. एखादी वस्तू घ्या असे सांगताना त्यात आपला पैशाचा वा अन्य लाभ असेल, तर तो साध्या व स्पष्ट शब्दांत सांगावा, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले आहे. ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत हा खुलासा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सांगण्यापूर्वी त्याने योग्य ती खातरजमा केली असेल तरच त्याची सुटका. आपल्या सात ग्रुपांवर उद्या कोणी धाड घालील असे मी म्हणत नाही. पण "या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळते" हे सहा शब्दांचे मराठी वाक्य लिहायला आपला हात का अडखळतो, याचा विचार प्रत्येकाने करावा. माझा अडखळला होता. आत्याला कळले असते की मला पैसे मिळणार आहेत, तर तिने कदाचित एकदा जास्त विचारले असते. मला नेमके तेच नको होते, हे आज कबूल करतो.

नाव घेण्याचे महत्त्व कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरी धाटणीच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण केवढे संतापलो! ज्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती कोणाची हे सांगा, एवढीच आपली मागणी होती. आणि ओरड झाल्यावर ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे त्या कंपनीला मान्य करावे लागले. आपला संताप योग्यच होता. परंतु त्याच आठवड्यात आपल्यातील काही जण रेक्झिनच्या स्वस्त 'कोल्हापुरी'च्या लिंका ग्रुपवर टाकत होते. मिलानच्या माणसाने कारागिराचे नाव सांगावे आणि कोल्हापूरच्या पोराने मालाची जात लपवावी, हा न्याय कोणता?

माझा एक जवळचा मित्र हे सगळे ऐकून म्हणाला, "तुझ्या वडिलांनी प्रामाणिकपणे पोती वाहिली. त्यांना काय मिळाले? पाठदुखी. आपल्याला खोली भाडे, खानावळ, फी भरायची आहे. तत्त्वे पोट भरल्यावर सुचतात." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच्या घरची स्थिती माझ्यापेक्षाही बिकट आहे आणि त्याने पैसे मिळवावेत असे मलाही वाटते. गरिबाच्या मुलाने कमिशन घेणे पाप आणि पेढीवाल्याने घेणे व्यापार, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. पण मला त्याला एवढेच सांगायचे आहे की आपल्यापाशी भांडवल नाही हे खरे नाही. भांडवल नाही असे समजूनच त्या जाहिराती आपल्याला बोलावतात. आपले भांडवल म्हणजे आपल्या माणसांचा आपल्यावरचा भरवसा. "आमचा पोरगा कॉलेजात आहे, त्याला कळतंय," असे म्हणणारी आत्या, काका, भावकी. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाकडे हा भरवसा इतरांपेक्षा जास्त असतो, कारण मोबाइलवरचे बारीक अक्षर वाचून घेण्यासाठी त्यांना दुसरे कोणी नसते. ९१ रुपयांना मी तोच विकला होता. पैसेवाल्याचा असा भरवसा बुडाला तर त्याच्यापाशी दुसरे काही उरते. आपल्यापाशी काय उरते?

आणि शिकता शिकता कमावणे ही काही आजच्या मोबाइलवाल्यांनी लावलेली शोधाची गोष्ट नाही. 'कमवा आणि शिका' ही कल्पना आपल्याकडे रुजवणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजला जन्मलेले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढण्यापूर्वी ओगले काच कारखाना, किर्लोस्कर यांच्या मालाचे विक्रेते म्हणून त्यांनी पुष्कळ भ्रमंती केली, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाही. म्हणजे दुसऱ्याचा माल विकणे हे त्यांनीही केले. परंतु ज्या गावांत ते माल घेऊन गेले, त्याच गावांतील मुलांना शिकवण्यासाठी ते पुन्हा तेथे गेले, आणि लोकांनी आपली मुले त्यांच्या हवाली केली. विक्रेत्याच्या शब्दाला याहून मोठी पावती कोणती असू शकेल?

असो. मी हा धंदा सोडलेला नाही. सातांपैकी सहा ग्रुपांवर लिंक टाकणे बंद केले. गेल्या सहा महिन्यांत मी चारच वस्तूंची शिफारस केली. चारही घरात वापरलेल्या. प्रत्येकीखाली कमिशनचे वाक्य लिहिले. त्यामुळे कोणी घेणे टाळले असेल तर असो. सहा महिन्यांची कमाई २०४ रुपये झाली. याने फी भरली जात नाही, म्हणून सुट्टीत मी अण्णांबरोबर यार्डात जातो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. आपल्या महाविद्यालयाने मात्र एक करावे असे सुचवतो. कमवा-शिका योजनेची माहिती जशी फलकावर लागते, तशी कमिशनचे धंदे, साखळी योजना आणि ग्राहक कायदा यांवर वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दरवर्षी एक तास घ्यावा. मोबाइल आम्हाला रोज शिकवतो आहे. आपल्या गुरुजनांनी वर्षातून एकदा तरी शिकवावे.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. तिला शिलाई मशीन घ्यायचे आहे. कोणते घेऊ, असे तिने मला विचारले. मी तिला सांगितले की मला शिलाई मशीनमधले काही कळत नाही. गडहिंग्लजच्या दुकानात जाऊन चालवून बघ. त्यात मला काहीच मिळाले नाही. पण मिक्सर जळाल्यानंतरही तिने पुन्हा मलाच विचारले, ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसते हसले, आणि ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.